कावळा बसला आणि फांदी मोडली : सहसंबंधाची गोष्ट



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. साठी उलटलेले एक काका माझ्याकडे मधुमेहासाठी यायचे. गोळ्यांचे सगळे प्रकार वापरून झाले होते, तरी उपाशीपोटीची साखर तीनशेच्या खाली येत नव्हती. मी म्हटलं, "काका, आता इन्सुलिन सुरू करूया." त्यांनी हात जोडले. "डॉक्टर, तेवढं सोडून काहीही सांगा. माझ्या थोरल्या भावाला इन्सुलिन सुरू झालं, दोन वर्षांत गेला. आमच्या गल्लीतले दोघे, तसंच. इन्सुलिन लागलं की माणूस टिकत नाही."

मी तेव्हा घाईत होतो. "ही अंधश्रद्धा आहे हो काका," एवढंच म्हणालो. ते गप्प बसले, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गेले आणि नंतर बरेच महिने आले नाहीत.

पुढे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की काका अंधश्रद्ध नव्हते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, मोजलं होतं. तीन माणसांना इन्सुलिन लागलं आणि तिघेही गेले. मोजणी बरोबर होती, फक्त तिचा अर्थ चुकला होता. ही चूक मोठमोठ्या विद्वानांनीही केली आहे आणि ती सुधारायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षं लागली. आज तीच हकीकत तुम्हाला सांगणार आहे.

सहसंबंध म्हणजे काय?

दोन गोष्टी एकमेकींच्या जोडीने बदलतात तेव्हा त्यांच्यात सहसंबंध आहे असं गणितात म्हणतात. एक वाढली की दुसरीही वाढते, तो धन सहसंबंध. ताप चढला की नाडीचे ठोके वाढतात. चालण्याचा वेग वाढला की धाप वाढते. ऊन वाढलं की उसाच्या रसाच्या गाड्यावर गर्दी वाढते.

एक वाढली की दुसरी कमी होते, तो ऋण सहसंबंध. वाईहून पसरणीचा घाट चढत पाचगणी-महाबळेश्वरला निघालात की उंची वाढत जाते आणि हवा गार होत जाते. नियमित व्यायाम वाढवला की विश्रांतीच्या वेळचे नाडीचे ठोके कमी होतात. वय वाढतं तशी डोळ्याची जवळचं पाहण्याची ताकद कमी होते आणि चाळिशी लागते.

काही जोड्यांमध्ये मात्र काहीच नातं नसतं. तुमच्या घराचा नंबर आणि तुमची साखर, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

हे नातं किती घट्ट आहे ते एका आकड्यात सांगता येतं. तो आकडा उणे १ ते अधिक १ यांच्यामध्ये असतो. अधिक १ म्हणजे दोघी तंतोतंत एकीने वाढतात, उणे १ म्हणजे तंतोतंत उलट चालतात आणि शून्य म्हणजे सरळ असं काही नातं दिसत नाही. पण हा आकडा सापडण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांची गाठ या प्रश्नाशी पडली होती. त्यासाठी आपल्याला लंडनला जावं लागेल, तेही कॉलऱ्याच्या साथीत.

उंचीवर राहणारे का वाचले?

१८४९ साली लंडनमध्ये कॉलऱ्याने सुमारे १४ हजार माणसं दगावली. तेव्हा मृत्यूच्या नोंदी सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयात विल्यम फार नावाचे अतिशय कष्टाळू संख्याशास्त्रज्ञ होते. वैद्यकही शिकलेले. त्यांनी लंडनच्या प्रत्येक भागाची थेम्स नदीपासूनची उंची आणि तिथले कॉलऱ्याचे मृत्यू शेजारी शेजारी मांडले.

तो तक्ता पाहून कुणीही थक्क व्हावं. २० फुटांपेक्षा कमी उंचीवरच्या वस्तीत दर १० हजारांमागे १०२ मृत्यू. २० ते ४० फुटांवर ६५. पुढे ३४, २७, २२, १७. उंची वाढत गेली तसतसे मृत्यू उतरत गेले. इतका सुबक ऋण सहसंबंध आजच्या संशोधकांनाही क्वचित मिळतो.

फार यांनी याचा अर्थ काय लावला? त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत, की रोग दूषित हवेतून होतो. नदीकाठच्या कुजलेल्या घाणीतून विषारी वाफा उठतात आणि वर जाताना विरळ होतात. फार यांचे आकडे या मताशी हुबेहूब जुळले. पुरावा मिळाला असं त्यांना वाटलं.

आकडे खरे होते, पण अर्थ चुकला होता. सखल भागात राहणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी थेम्सच्या खालच्या पात्रातलं पाणी येत होतं आणि शहराचं सांडपाणी त्याच पात्रात सुटत होतं. उंचीमुळे कुणी वाचत नव्हतं. उंचीवरच्या लोकांचं पाणी वेगळं होतं, म्हणून ते वाचत होते. उंची आणि मृत्यू यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट दडून बसली होती.

एकाच गल्लीतली दोन पाणी

ती तिसरी गोष्ट ज्यांनी शोधली ते जॉन स्नो. भूल देण्यात निष्णात असलेले डॉक्टर. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिला होता. कॉलरा पाण्यातून पसरतो असं ते १८४९पासून सांगत होते, पण फारसं कुणी ऐकत नव्हतं.

१८५४ साली पुन्हा साथ आली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावल्याची त्यांची गोष्ट तुम्ही कदाचित वाचली असेल. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम त्याच वर्षी दक्षिण लंडनमध्ये झालं.

तिथे दोन खासगी कंपन्या पाणी पुरवत. साउथवार्क अँड वॉक्सहॉल ही कंपनी शहरातल्या घाण पात्रातून पाणी उचलत होती. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपला उपसा वरच्या बाजूला, शहराची घाण मिसळण्याआधीच्या ठिकाणी हलवला होता. आणि गंमत अशी, की दोन्ही कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून जात. शेजारच्या घराला वेगळी कंपनी. श्रीमंत-गरीब, मोठं घर-छोटं घर, सगळं मिसळलेलं. हवा तीच आणि नदीपासूनची उंचीही तीच, फरक होता तो फक्त पाण्याचा. तीन लाखांहून अधिक लोक नकळत या दोन गटांत विभागले गेले होते.

स्नो मृत्यू झालेल्या घरांची दारं ठोठावत फिरले. मृतांचे पत्ते फार यांच्याच कार्यालयाने दिले होते, हेही लक्षात ठेवा. अनेक भाडेकरूंना आपलं पाणी कुठल्या कंपनीचं हेच माहीत नसायचं. मग स्नो पाण्याचा नमुना घेऊन त्यात मीठ किती आहे ते तपासायचे. खालच्या पात्रात भरतीचं पाणी शिरत असल्याने ते खारट असायचं.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : साउथवार्क अँड वॉक्सहॉलचं पाणी पिणाऱ्या दर १० हजार घरांमागे ३१५ मृत्यू. लॅम्बेथचं पाणी पिणाऱ्या दर १० हजार घरांमागे ३७.

फार आणि स्नो, दोघांनीही आकडेच मांडले होते. मग फरक काय? फार यांनी जे गट ताडून पाहिले ते अनेक बाबतींत वेगळे होते. स्नो यांचे गट बाकी सगळ्या बाबतींत सारखे होते, वेगळी होती ती एकच गोष्ट. पुढची सगळी हकीकत या फरकाभोवतीच फिरते.

स्नो १८५८ साली, ऐन पंचेचाळिशीत गेले. १८६६ साली पूर्व लंडनमध्ये पुन्हा साथ आली तेव्हा फार यांनी स्वतःच पाणीपुरवठ्याचे आकडे तपासले आणि दोष पाण्याचा आहे हे ठामपणे मांडलं. ज्याने सर्वांत देखणा तक्ता करून चुकीचा निष्कर्ष काढला, त्यानेच पुढे तो बदलला. मला त्यांचं हे फार मोठेपण वाटतं.

एक हात लांबीचं गणित

सहसंबंध हा शब्द आणि त्याचा आकडा आला तो यानंतर वीस-बावीस वर्षांनी. फ्रान्सिस गाल्टन हे चार्ल्स डार्विनचे नातलग. मोजण्याचं त्यांना वेडच होतं. १८८४ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात त्यांनी शरीरमापनाची प्रयोगशाळा थाटली. तीन पेनी भरायचे आणि आपली उंची, वजन, नजर, पकड मोजून घ्यायची. ९,३३७ लोकांनी मापं दिली.

१८८८ साली त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. त्यात सुमारे ३५० पुरुषांची उंची आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी ताडून पाहिली होती. आपल्याकडे जुन्या काळी ज्याला 'एक हात' म्हणत, तेच हे माप. उंची आणि हात यांच्यातला सहसंबंध त्यांनी काढला ०.८. उंची आणि डोक्याची लांबी यांच्यातला ०.३५. म्हणजे उंच माणसाचा हात बहुधा लांब असतो, पण डोकं मोठं असेलच असं नाही. नातं आहे की नाही एवढंच नव्हे, तर ते किती घट्ट आहे हे पहिल्यांदाच आकड्यात सांगता आलं. १८९६ साली कार्ल पिअर्सन यांनी त्याचं पक्कं सूत्र मांडलं. आज तुमच्या संगणकातही तेच आहे.

गाल्टन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंचीवरून त्यांना दिसलं, की फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरी त्यांच्याइतकी नसतात. फार बुटक्यांची मुलं सरासरी थोडी उंच निघतात. टोकाच्या मापानंतरचं माप बहुधा मध्याकडे सरकतं.

याचा तुमच्या-आमच्याशी काय संबंध? दुखणं सर्वांत जास्त होतं त्या दिवशी आपण औषध घेतो, लेप लावतो किंवा अंगारा. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. त्यातलं काही औषधाचं असतं, पण काही वेळा दुखणं तसंही उतरणारच होतं. सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत आणि नाही घेतलं तर आठवड्यात बरी होते, हा विनोद सगळ्यांनी ऐकलेला आहे. एकदाच रक्तदाब जास्त आला म्हणून आम्ही पुन्हा मोजायला बोलावतो, त्यामागचं एक कारण हेच.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. गाल्टन आणि पिअर्सन दोघेही माणसांची 'पैदास सुधारण्याच्या' विचाराचे खंदे समर्थक होते. गरिबी, शिक्षण, अन्न या तिसऱ्या गोष्टींकडे काणाडोळा करून सगळं श्रेय आणि दोष रक्ताला देण्याकडे त्यांचा कल होता. साधन चांगलं असलं तरी ते वापरणाऱ्याचे पूर्वग्रह त्यातून आपोआप गळून पडत नाहीत.

हेच शास्त्र शिकायला १९३०च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेलेल्यांत आपले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. जन्म सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. गरीब देशांत मुख्य उणीव प्रथिनांची आहे असं जगभर बोललं जात होतं, तेव्हा त्यांनी वेगळं सांगितलं. धान्य-डाळीच्या जेवणात उष्मांक आणि प्रथिनं जोडीनेच वाढतात. माणसाला पोटभर नेहमीचं जेवण मिळालं तर प्रथिनांची गरज बहुधा भागते. मूळ दुखणं भुकेचं आहे. जो सहसंबंध रोजच्या ताटात होता, तो त्यांनी नीट वाचला.

सिगारेट, आणि एका थोर माणसाचा हट्ट

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि त्यांच्या जोडीला इतर आजारांचे ७०९ रुग्ण तपासले. दोन्ही गटांत ६४९ पुरुष होते. कर्करोगाच्या गटातले फक्त २ पुरुष कधीच धूम्रपान न केलेले होते, दुसऱ्या गटातले २७. सुरुवातीला डॉल यांना रस्त्यावरच्या डांबराचा संशय होता. आकडे पाहून त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली.

विरोध केला तो रोनाल्ड फिशर यांनी. त्या काळचे सर्वांत थोर संख्याशास्त्रज्ञ, आणि स्वतः पाइप ओढणारे. ते म्हणाले, सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. सिगारेटची ओढ आणि कर्करोग, दोन्ही एखाद्या जनुकामुळे होत असतील. तत्त्व म्हणून हे बरोबरच होतं. पण तोवर इतर पुरावाही साचला होता. डॉल आणि हिल यांनी सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. सिगारेट आधी, रोग नंतर. जितक्या जास्त सिगारेटी, तितका जास्त धोका. सोडली की धोका कमी. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी तोच निष्कर्ष.

म्हणून 'हा नुसता सहसंबंध आहे' असं म्हणून प्रत्येक वेळी हात झटकणंही बरोबर नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे खरं. पण जिथे कावळा बसेल तिथली फांदी दर वेळी मोडू लागली, तर कावळ्याकडे जरा नीट पाहायला हवं.

याच्या उलटही घडलं. पाळी गेल्यानंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं अनेक पाहण्यांत दिसत होतं. पण या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया बऱ्याचदा जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि तब्येतीची काळजी घेणाऱ्या होत्या. शेवटी अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला खऱ्या गोळ्या, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. २००२ साली तो अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. खऱ्या गोळ्यांच्या गटात हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग जास्त आढळला. (पाळी जाताना होणाऱ्या त्रासासाठी योग्य वयात या गोळ्या आजही दिल्या जातात. तो निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.) चिठ्ठ्या टाकून गट पाडणं म्हणजे स्नो यांच्या गल्लीतले दोन नळ मुद्दाम तयार करणं.

मग काकांचं काय?

काकांच्या प्रश्नाचं उत्तरही असंच शोधलं गेलं आहे. जुन्या मधुमेहात गोळ्या पुरेनाशा होतात, मूत्रपिंडं-हृदय थकलेलं असतं, तेव्हा कुठे इन्सुलिन सुरू होतं. म्हणजे मुळात जास्त आजारी माणसांनाच ते मिळतं. मग ती माणसं लवकर गेली तर दोष सुईचा की दुखण्याचा? बुडत्याला वाचवायला नेहमी होडी धावते, म्हणून होडीमुळे माणसं बुडतात असं आपण म्हणत नाही.

ब्रिटनमध्ये १९७७पासून नव्यानेच मधुमेह झालेल्या ३,८६७ रुग्णांना असंच चिठ्ठ्या टाकून विभागलं. काहींना इन्सुलिन, काहींना गोळ्या, काहींना मुख्यतः पथ्य. १९९८ साली निष्कर्ष आला. इन्सुलिनमुळे मृत्यू वाढले नाहीत. आणि इन्सुलिनने असो वा गोळ्यांनी, साखर काटेकोर ठेवलेल्यांमध्ये डोळे, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्के कमी झाले.

असं काही दिसलं, ऐकलं, मोबाइलवर आलं, तर हे चार प्रश्न विचारा :

१. आधी काय झालं आणि नंतर काय?
२. दोन्हींच्या मागे तिसरी गोष्ट आहे का? लहान मुलांमध्ये बुटाचा नंबर वाढतो तसे शब्दही जास्त येतात, पण मोठे बूट घालून कुणी हुशार होत नाही. तिसरी गोष्ट आहे वय.
३. ज्यांचं काही बिघडलं नाही ते मोजले का? इन्सुलिन घेऊन वीस वर्षं कामावर जाणारा माणूस गल्लीत चर्चेचा विषय होत नाही.
४. ताडून पाहिलेली माणसं बाकी बाबतींत सारखी होती का?

आणि एक विनंती. नवीन गोळी सुरू झाल्यावर काही त्रास जाणवला तर संकोच न करता आम्हाला सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी खरोखरच कोरडा खोकला येतो. तुमची शंका बरोबरही असू शकते. फक्त औषध मनाने बंद करू नका.

काका पुढच्या खेपेला आले ते पायाला चिघळलेली जखम घेऊन. रुग्णालयात दाखल करावं लागलं. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं आणि त्याच मुक्कामात इन्सुलिन सुरू झालं. आता ते स्वतः टोचून घेतात, साखर आटोक्यात आहे, रोज सकाळी फिरायला जातात.

परवा हसत म्हणाले, "डॉक्टर, गल्लीत आता माझं उदाहरण देतात. यांनी इन्सुलिन घेतलं आणि पायाचं बोट गेलं, म्हणतात."

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, आधी बोट गेलं, मग इन्सुलिन आलं. आधीच घेतलं असतं तर बोट कदाचित राहिलं असतं."

ते वाक्य मी त्यांना पहिल्याच दिवशी नीट बसून समजावायला हवं होतं. तेव्हा राहून गेलं, म्हणून आज तुम्हाला सांगितलं.